क्लबमध्ये चित्रप्रदर्शन लावायचंय? मग सुरुवात गेटपासून करा

आमच्या चित्रकारांच्या ग्रुपनं पहिल्यांदा नागपुरातल्या एका क्लबात चित्रप्रदर्शन लावलं तेव्हा दिवसभर आम्हाला वाटून राहिलं होतं की सगळं मस्त जमून आलं, आणि संध्याकाळी कळलं की आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीचे बाबा दुपारी गेटवरूनच परत गेले. वॉचमननं मेंबर नंबर विचारला, मग पायातल्या चपलांकडे पाहिलं आणि चप्पल चालत नाही म्हणून सांगितलं. ते समोरच्या कडुनिंबाखाली चाळीस मिनिटं उभे होते, पोरीला फोन करत होते, आणि तिचा फोन पर्समध्ये सायलेंटवर, कारण ती एका काकूंना आपलं चित्र समजावून सांगत होती. त्या काकूंनी ते घेतलं. तिचं आयुष्यातलं पहिलं विकलेलं चित्र, त्याच्या खाली विकलं गेल्याची लाल टिकली लागली, आणि ती पाहायला बाबा आत नव्हते.

वॉचमनची काहीच चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चूक आमची. त्यानंतर मी जेवढी प्रदर्शनं क्लबात लावली किंवा लावायला मदत केली, तेवढ्यांत पहिलं काम गेटचं केलं, म्हणून इथंही तिथूनच सुरू करते.

गेटचं लेखी घ्या

क्लब म्हणजे मेंबरांची जागा, त्यांचे नियम असतात आणि असावेत. पण प्रदर्शनाच्या दिवसांपुरती कोणाला कशी सूट आहे हे तोंडी ठरवू नका, कारण ज्या सेक्रेटरीनं "हो हो, येऊ द्या सगळ्यांना" म्हटलं ते गेटवर उभे राहत नाहीत. क्लबच्या लेटरहेडवर एवढं लिहून मागा: मेंबर नसलेल्यांना किती ते किती वाजेपर्यंत प्रवेश, कोणत्या गेटनं, हॉलपर्यंतचा रस्ता कोणता, गाडी कुठे लावायची, बाथरूम कोणतं वापरायचं, आणि कपड्या-चपलांचा नियम हॉलपुरता शिथिल आहे की नाही. क्लब म्हणेल रजिस्टरमध्ये नाव लिहून आत सोडू, तर ते अगदी योग्य आहे, पण रजिस्टर आणि टेबल आपलं ठेवा आणि तिथं आपलाच एक माणूस बसवा. हसऱ्या चेहऱ्याचा, मराठी-हिंदी दोन्ही बोलणारा, शक्य असेल तर एखादा कॉलेजचा पोट्टा नाही तर पोट्टी.

गेटच्या बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल असा बोर्ड: चित्रप्रदर्शन, सगळ्यांसाठी खुलं, प्रवेश मोफत. मराठीत आणि मोठ्या अक्षरात. "सगळ्यांसाठी खुलं" हे शब्द नसतील तर महाल, इतवारी अशा जुन्या वस्त्यांतून आलेला माणूस त्या मोठ्या गेटकडे पाहतो आणि पुढे निघून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वॉचमन दोन-तीन पाळ्यांत बदलतात, त्या प्रत्येकाला स्वतः भेटा, आत नेऊन चित्रं दाखवा, चहा पाजा. मग तोच येणाऱ्याला सांगतो की जा जा, उजव्या हाताला हॉल आहे.

क्लबच का, आणि विचारायचं कसं

आपल्याकडे सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, इतरही गॅलऱ्या आणि हॉल आहेत, मग क्लब कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. माझा अनुभव असा की गॅलरीत चित्र पाहणारे येतात, त्यातले अर्धे आपलेच चित्रकार मित्र असतात, आणि क्लबात असे लोक भेटतात ज्यांच्या घरी मोठ्या रिकाम्या भिंती आहेत पण जे कधी गॅलरीत गेलेच नाहीत. टेनिस खेळून येतात, घामेजलेले, सहज डोकावतात, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन येतात. सीपी क्लब, गोंडवाना क्लब अशी जुनी नावं आपल्या शहरात आहेत, शिवाय कॉलन्यांचे, सोसायट्यांचे लहान क्लब आहेत, पहिल्या खेपेला लहान जागा घेतली तरी काही बिघडत नाही.

थेट ऑफिसात अर्ज नेऊन दिला तर तो फायलीत पडून राहतो. एखादा मेंबर आपल्या बाजूनं बोलणारा हवा, तो ओळखीतून निघतोच, कोणाचे डॉक्टर, कोणाचे वकील, कोणाचे काका. त्यांच्यामार्फत सांस्कृतिक विभाग पाहणाऱ्या कमिटी मेंबरला भेटा. सोबत एका पानाचं पत्र, आठ-दहा चित्रांचे चांगले प्रिंट, आणि क्लबला यातून काय मिळणार ते साफ लिहिलेलं: मेंबरांच्या मुलांसाठी एक सकाळ चित्रकलेची, उद्घाटन मेंबरांसोबत, आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा. कमिटीची मीटिंग साधारण महिन्यातून एकदा होते, म्हणून चार महिने आधी लागा.

तिथं कोणीतरी "लोकल आर्टिस्ट म्हणजे कसं काय असेल" असं विचारणारच, तेव्हा गप्प बसू नका. सांगा की एवढे मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये याच नागपुरात जन्मले, आणि तसेच मोठे चित्रकार, मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडचे सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 इथल्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोघंही एकेकाळी लोकलच होते. मी हे प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते आणि मला ते सांगताना खरंच भरून येतं.

तारीख

नागपूरचं कॅलेंडर वेगळं आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही, आणि बंद टेम्पोत ॲक्रिलिकचं चित्र नेलं तर रंग मऊ पडून कागदाला चिकटतो. पावसाळ्यात वॉटरकलरचा कागद ओल धरतो, लाटा येतात. म्हणजे उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की क्लबाचे हॉल आणि लॉन रिसेप्शनला जातात, बाजूला डीजे वाजत असताना चित्र काय पाहणार. डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बॅरिकेडनं अडवलेले, मोर्चे, पोलिस, पार्किंग मिळत नाही.

मला सगळ्यात चांगला वाटतो तो पौष महिना, साधारण जानेवारी. आपल्याकडे पौषात लग्नं करत नाहीत म्हणून हॉल मोकळे असतात, भाड्यातही क्लब थोडं ऐकून घेतो, आणि थंडी अशी असते की लोक सकाळी अकरालाही उन्हात फिरत फिरत येतात. फक्त संक्रांतीच्या आजूबाजूचे दोन दिवस सोडा. मांजाच्या भीतीनं लोक टू-व्हीलर काढत नाहीत आणि सगळे गच्चीवर असतात. शुक्रवार ते मंगळवार असे पाच दिवस धरा, त्यात एक पूर्ण रविवार आलाच पाहिजे.

हॉल मोजा, मग चित्रं मोजा

बहुतेक लोक उलटं करतात, आधी पन्नास चित्रं जमवतात आणि मग भिंत पुरत नाही. टेप घेऊन जा. खिडक्या, दारं, एसी, स्विचबोर्ड सोडून जी भिंत उरते ती फुटात लिहा. सरासरी चित्र फ्रेमसकट अडीच फूट आणि दोन चित्रांत एक फूट जागा, म्हणजे एका चित्राला साडेतीन फूट. साठ फूट भिंत असेल तर सतरा चित्रं. बस. जास्त लागत असतील तर बिछायतवाल्याकडून, म्हणजे मंडप-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याकडून, आठ बाय चार फुटांचे प्लायचे पॅनल उभे करून घ्या, दोन्ही बाजूंना पांढरं कापड ताणून, खाली लाकडी पाय रुंद, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं डुलतात. दहा पॅनलच्या वीस बाजू होतात, प्रत्येकीवर एक मध्यम नाहीतर दोन लहान चित्रं.

हॉल दुपारी चार वाजता आणि संध्याकाळी सातला असा दोनदा पाहा. चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन कुठल्या भिंतीवर पडतं ते कळतं, तिथं वॉटरकलर कधीच लावू नका. सातला दिवे लागल्यावर कळतं की झुंबराचं प्रतिबिंब कुठल्या काचेत येणार. किचन आणि बारच्या दाराजवळची भिंत रिकामी सोडा. आणि भिंतीला खिळा चालतो का हे विचारूच नका, चालत नाही असंच धरून चाला.

चित्रं निवडताना

बारा चित्रकार, प्रत्येकी तीन, एवढं पुष्कळ झालं. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून निवडू नका, फोटोत सगळंच छान दिसतं, खरं चित्र समोर ठेवून पाहा. निवडायला तीन जण, त्यातला एक ग्रुपबाहेरचा, म्हणजे मैत्रीत ओढाताण होत नाही. चित्रकला महाविद्यालयातली दोन-तीन मुलं तरी घ्याच, त्यांच्याकडून फी घेऊ नका, त्यांची फ्रेम ग्रुपनं करून द्यावी असं माझं ठाम मत आहे. आणि गोंड चित्रं ठेवणार असाल तर खाली नुसतं "गोंड आर्ट" लिहून मोकळं होऊ नका. ज्या बाईनं किंवा ज्या माणसानं ते काढलं त्याचं पूर्ण नाव, गाव, आणि शक्य असेल तर तो स्वतः तिथं हजर. बाकी सगळ्यांची नावं लिहायची आणि त्यांचं नाव नाही, हे मी आता कुठंच चालू देत नाही.

कागदावर काय काय हवं

प्रत्येकाकडून एक फॉर्म: चित्राचं नाव, माध्यम, आकार (आधी उंची, मग रुंदी, फ्रेमसकट आणि फ्रेमशिवाय दोन्ही), वर्ष, किंमत, मागे रिंगा आहेत की नाही. किंमत एकदा लिहिली की लिहिली, प्रदर्शनात एक आणि घरी येऊन घेतलं तर कमी, असं केलं तर त्या क्लबात दुसऱ्यांदा कोणी उभं करत नाही.

हिस्सा आधी ठरवा आणि उदाहरण देऊन समजावा. समजा चित्र 12,000 चं, क्लबचे 10 टक्के म्हणजे 1,200, ग्रुपच्या खर्चाचे 10 टक्के म्हणजे 1,200, चित्रकाराच्या हातात 9,600. हे प्रत्येकानं सही करून मान्य केलेलं असलं की शेवटच्या दिवशी तोंडं वाकडी होत नाहीत. पैसे शक्यतो थेट चित्रकाराच्या खात्यात यूपीआयनं, पावती त्याच्या नावाची, आणि हिस्सा त्यानं नंतर द्यायचा. जीएसटीचं कोणाला लागू होतं ते एकदा सीएला विचारून घ्या.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही, 1957 च्या कायद्याप्रमाणे तो चित्रकाराकडेच राहतो. म्हणजे घेणाऱ्यानं भिंतीवर खुशाल लावावं, पण कॅलेंडर छापायचं असेल तर विचारावं लागेल. याच्या उलट, क्लबात हमखास कोणीतरी म्हणतं की माझ्या वडिलांचं पोर्ट्रेट करून द्या. असं पैसे घेऊन, सांगण्यावरून केलेल्या पोर्ट्रेटचा कॉपीराइट, वेगळं काही लेखी ठरलेलं नसेल तर, करवून घेणाऱ्याचा होतो. म्हणून ॲडव्हान्स घेतानाच दोन ओळी लिहून घ्या की फोटो मी माझ्या कामाच्या नमुन्यात वापरणार.

चित्र चोरीला गेलं, पडलं, काच फुटली तर भरपाई कोणाची, हेही त्याच कागदावर. क्लब बहुतेक वेळा जबाबदारी घेत नाही, मग रात्री हॉलची किल्ली कोणाकडे हे तरी नक्की असू द्या.

फ्रेम आणि नेआण

वॉटरकलरला माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, लावलाच पाहिजे, नाहीतर कागद काचेला चिकटतो. ऑइलला काच नको. फ्रेम शक्यतो साध्या, एकसारख्या, बारा जणांच्या बारा नक्षीदार सोनेरी फ्रेमा आल्या की हॉल लग्नाच्या स्टेजसारखा दिसतो. मागे दोन्ही बाजूंना डी-रिंग, म्हणजे तार बांधायच्या डी आकाराच्या कड्या, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर.

पॅकिंग करताना बबल रॅप थेट रंगावर नको, त्याचे गोल गोल ठसे उमटतात, मी माझं एक मोठं ॲक्रिलिक असंच खराब केलंय. आधी बटर पेपर, मग बबल रॅप. छोट्या हत्तीत खाली गादी टाकून चित्रं उभी ठेवायची, आडवी एकावर एक कधीच नाही, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा, आणि दोरी फ्रेमवरून, कॅनव्हासवरून नाही. सोबत मागे एक माणूस बसलेला हवा.

टांगणी

इथं घाई करू नका, पूर्ण एक दिवस ठेवा. आधी सगळी चित्रं भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, आणि दाराशी उभं राहून पाहा. आत आल्या आल्या नजर जिथं जाते तिथं सगळ्यात महागडं चित्र नको, सगळ्यात ताकदीचं हवं. एका चित्रकाराची तीन चित्रं शक्यतो एकत्र, आणि भडक रंगांच्या बाजूला एकदम हळवं वॉटरकलर लावलं तर ते बिचारं दिसतच नाही.

उंचीचा हिशोब नीट समजून घ्या. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर आला पाहिजे, सगळ्यांचा, मग चित्र लहान असो का मोठं. समजा चित्र 30 इंच उंच आहे, त्याचं अर्ध 15, म्हणजे वरची कड 73 वर. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 3 इंच खाली येते, तर हूक 70 इंचांवर. प्रत्येक चित्राचा हा आकडा फॉर्मच्या मागे लिहून ठेवा, मग टांगणारा पोरगा नुसता टेप धरून भराभर लावत जातो. दोन ओळींत चित्रं लावायची असतील तर दोन्ही मिळून एक चित्र समजायचं आणि मध्य त्याच्या मधोमध.

खिळा चालत नसतो, म्हणून तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. वरच्या पट्टीवरून किंवा पॅनलच्या माथ्यावरून दोन तंगूस सोडायचे, एक नाही, एकावर चित्र तिरपं होत राहतं. तंगूसची साधी गाठ सरकते, मी सकाळी येऊन चित्र चार इंच खाली गेलेलं पाहिलंय, म्हणून तीन वेढे देऊन गाठ, वरून पुन्हा एक, आणि टोकाला लायटरनं किंचित वितळवून गोळी करायची. हे करताना चित्र खाली जमिनीवर, आणि आग लांब. काचेची जड फ्रेम असेल तर तंगूसच्या भरवशावर राहू नका, स्टीलची तार वापरा. शेवटी लेव्हल ठेवून पाहा, डोळ्यांवर विश्वास नको.

लाइट क्लबचे पिवळे आणि मंद असतात, त्यात निळा रंग मळकट दिसतो. स्पॉट भाड्यानं आणा, साधारण 4000 केल्विनचे (म्हणजे ना फार पिवळे ना फार निळसर), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 च्या वरचे, आणि वरून, उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांच्या कोनात पाडा, म्हणजे काचेत चमक येत नाही आणि बघणाऱ्याची सावलीही पडत नाही. वायरी भिंतीच्या कडेनं, टेपनं चिकटवलेल्या.

नावाची पट्टी उजवीकडे, मराठीत आधी आणि खाली इंग्रजीत, अक्षर एवढं मोठं की सत्तरीतल्या आजोबांना चष्मा न काढता-घालता वाचता यावं. किंमतही लिहाच, विचारायला लोक लाजतात. आणि विकलं गेलं की लावायला लाल स्टिकर शोधत फिरू नका, बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) साध्या लाल टिकल्यांचं पाकीट आणा. टिकली पट्टीवर लावायची, फ्रेमवर नाही. पहिली टिकली लागली की हॉलमधली हवा बदलते, लोक बाकीच्या चित्रांकडेही वेगळ्या नजरेनं पाहू लागतात.

उद्घाटन आणि पुढचे दिवस

भाषणं मिळून वीस मिनिटं. समई चित्रांपासून लांब, खाली ताट. चहा, वडे, संत्रा बर्फी सगळं हॉलच्या बाहेर, तेलकट हात आणि कॅनव्हास एका खोलीत नकोत. क्लबच्या नोटीस बोर्डावर आणि मेंबरांच्या ग्रुपवर आठवडाभर आधी निरोप, पेपरला तीन-चार दिवस आधी. निमंत्रणात पत्ता लिहिताना नुसतं क्लबचं नाव नको, जवळचं मेट्रो स्टेशन लिहा, झिरो माइल असेल तर झिरो माइल, कस्तुरचंद पार्क असेल तर तसं, आणि तिथून किती मिनिटं पायी ते पण. सगळ्यांकडे गाडी नसते.

चित्रकारांना एक आग्रहानं सांगायचं असतं: कोपऱ्यात गोल करून आपसात गप्पा मारत बसू नका. रोज दोन जणांची ड्युटी, बाकीचे आले तर आपल्या चित्राच्या आसपास उभे. कोणी थांबून पाहून राहिलं तर लगेच अंगावर जाऊ नका, अर्धा मिनिट पाहू द्या, मग "हे अंबाझरी तलावाचं आहे, सकाळी सहाला बसून केलं" एवढंच म्हणा. पुढचं तेच विचारतात. रविवारी सकाळी कोणीतरी बसून समोरासमोर वॉटरकलर करून दाखवावं, मुलं तिथून हलत नाहीत आणि मुलांमुळे आई-वडीलही तासभर थांबतात. एक सकाळ एखाद्या महापालिकेच्या शाळेच्या मुलांसाठी ठेवा, आणि त्यांचं नाव गेटवरच्या यादीत आदल्या दिवशीच घाला.

उतरवणी

विकलेलं चित्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत भिंतीवरच राहणार हे घेणाऱ्याला पावती देतानाच सांगा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी भिंतीला भोकं पडल्यासारखं होतं. उतरवताना प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो, चित्रकाराची सही, मगच पॅकिंग. घेणाऱ्याला सोबत एक कागद द्या, चित्राचं नाव, चित्रकाराचा फोन, आणि कुठं लावू नये ते (ऊन, ओली भिंत, देवघरातल्या समईच्या वर). क्लबचा हिस्सा सात दिवसांत द्या, हिशोबाची एक प्रत प्रत्येक चित्रकाराला. हॉलचे "आधी" आणि "नंतर" असे फोटो मॅनेजरला पाठवा, म्हणजे डिपॉझिट लवकर सुटतं.

आणि निघताना गेटवरचं रजिस्टर आपल्यासोबत आणा. आमच्या दुसऱ्या प्रदर्शनाच्या रजिस्टरमध्ये पहिल्याच पानावर, सकाळी 11 वाजून 5 मिनिटांच्या वेळेसमोर, त्या मुलीच्या बाबांचं नाव आहे. "कोणाला भेटायचे" या रकान्यात त्यांनी मुलीचं पूर्ण नाव लिहिलंय, आणि पुढे कंसात, चित्रकार.